कॉलेजातलं रिसर्च आणि अ‍ॅकॅडमिक लिखाण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदाच प्रोजेक्ट रिपोर्ट, टर्म पेपर किंवा डिझर्टेशन लिहायला बसलं की सगळ्यांना साधारण तेच तेच प्रश्न पडतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र दिलीयेत. काही उत्तरं लांबलीयेत कारण बहुतेक जण तिथेच अडकतात, काही दोन ओळींत संपतात.

अ‍ॅकॅडमिक लिखाण म्हणजे अवघड भाषेत लिहायचं का?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज जितक्या लवकर जाईल तितकं बरं. अ‍ॅकॅडमिक लिखाण वाचणारा माणूस तुमच्या प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात एकच प्रश्न विचारत असतो, "हे तुम्हाला कशावरून माहीत?" उत्तर चारपैकी एक असू शकतं. कुणीतरी आधी शोधून काढलंय आणि त्यांचं नाव मी इथे दिलंय, किंवा मी स्वतः मोजलं, विचारलं, तपासलं आणि कसं ते खाली लिहिलंय, किंवा वरच्या दोन गोष्टींवरून मी हा तर्क केलाय, किंवा मग ही गोष्ट त्या विषयातल्या सगळ्यांनाच माहीत आहे (पाण्याच्या रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो याला रेफरन्स लागत नाही). ज्या वाक्याला या चारपैकी एकही उत्तर नाही ते वाक्य काढून टाका. "आजच्या धावपळीच्या युगात तंत्रज्ञानाला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे" छापाची सुरुवात इथेच गळते. सायटेशन (कुणाचं काम वापरलं ते सांगणं), मेथडॉलॉजी (अभ्यास कसा केला ते सांगणं), प्लॅजिअरिझमचे (दुसऱ्याचं लिखाण किंवा कल्पना आपली म्हणून देण्याबद्दलचे) नियम, हे सगळं याच एका प्रश्नासाठी आहे, ते डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

विषय ठरतच नाहीये, काय करू?

विषय आणि प्रश्न यात फरक आहे, आणि अडचण बहुतेक वेळा इथेच असते. "सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम" हा विषय आहे, यावर आयुष्यभर लिहिता येईल पण एका सेमिस्टरमध्ये काहीच हाती लागणार नाही. त्याला बारीक करत जा. कुठले तरुण? हॉस्टेलमध्ये राहणारे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. कुठला परिणाम? झोप. सोशल मीडिया म्हणजे नक्की काय मोजणार? झोपायला जाण्याआधीच्या एका तासात मोबाइलवर घालवलेला वेळ. आता प्रश्न तयार झाला: हॉस्टेलमधले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी झोपण्याआधीच्या तासात जितका वेळ मोबाइलवर असतात त्याचा त्यांच्या झोपेच्या तासांशी काही संबंध दिसतो का? याचं उत्तर "हो", "नाही" किंवा "थोडासा" असं काहीही येऊ शकतं आणि तीच चांगल्या प्रश्नाची खूण आहे. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर तो प्रश्न नाही, ते मत आहे.

अजून एक बघा, डेटा तुम्हाला मिळण्यासारखा आहे का. विषय कितीही भारी असला तरी ज्या लोकांपर्यंत तुम्ही पोचूच शकत नाही किंवा जी कागदपत्रं उघडली जाणारच नाहीत त्यावर डिझर्टेशन होत नाही.

विषय एकदम नवीनच असायला हवा का?

पीएचडीला काहीतरी नवी भर लागते. त्याआधीच्या पातळीवर जुनाच अभ्यास दुसऱ्या गटावर नीट करून बघणं हे पूर्ण प्रतिष्ठेचं काम आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास बऱ्याच संशोधकांनी मिळून पुन्हा करून बघितले, मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सांख्यिकीच्या भाषेत लक्षणीय (म्हणजे नुसता योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा) होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. त्यामुळे "हे तर आधीच झालंय" म्हणून विषय सोडू नका.

संशोधनाचे पेपर (जर्नलमध्ये छापलेले लेख) शोधायचे कुठे?

गूगल स्कॉलरपासून सुरुवात करा, २००४ पासून आहे आणि फुकट आहे. पण नुसतं पूर्ण वाक्य टाकून शोधू नका. दोन-तीन शब्द एकत्रच हवे असतील तर ते अवतरण चिन्हात टाका, नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह द्या, एकाच गोष्टीला दोन-तीन नावं असतील (झोपेची कमतरता, निद्रानाश, अपुरी झोप) तर सगळी नावं वेगवेगळी टाकून बघा कारण प्रत्येक लेखक आपापला शब्द वापरतो. इंग्रजीत शोधत असाल तरी हेच.

खरा खजिना शोधपेटीच्या बाहेर असतो. एक चांगला पेपर सापडला की दोन दिशांना जायचं, मागे आणि पुढे. मागे म्हणजे त्याच्या रेफरन्स लिस्टमध्ये, आणि पुढे म्हणजे स्कॉलरमध्ये त्या पेपरखाली "सायटेड बाय" असतं त्यावर क्लिक करून त्यानंतर कुणी कुणी त्याचा आधार घेतला ते बघायचं. अर्ध्या तासात त्या विषयातली नेहमी येणारी पाच-सहा नावं कळायला लागतात, आणि तेच तेच पेपर पुन्हा पुन्हा समोर यायला लागले की समजायचं आता शोध बऱ्यापैकी पुरा झालाय.

पेपर पैसे मागतो, मग?

पैसे भरायची घाई करू नका. आधी तुमच्या लायब्ररीच्या लॉगिनमधून बघा, मग स्कॉलरमध्ये त्याच पेपरच्या बाकीच्या व्हर्जन्स बघा, अनपेवॉल नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन आहे ते कायदेशीर फुकट कॉपी असेल तर दाखवतं. भौतिकशास्त्र, गणित, कॉम्प्युटर सायन्सवाल्यांसाठी अर्काइव्ह (arXiv, १९९१ पासूनचं प्रीप्रिंट भांडार) आहेच, फक्त प्रीप्रिंट म्हणजे पिअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकारांनी केलेली तपासणी) व्हायच्या आधीचा मसुदा असतो हे लक्षात ठेवा. काहीच नाही जमलं तर लेखकाला सरळ दोन ओळींचा नम्र मेल करा, बरेच लोक पीडीएफ पाठवतात, आपलं काम कुणीतरी वाचतंय याचा त्यांना आनंदच होतो.

विकिपीडिया चालतो का?

ओळख करून घ्यायला उत्तम, रेफरन्स म्हणून नाही. लेखाच्या तळाशी जे संदर्भ असतात तिकडे जा आणि ते वाचा.

पेपर वाचायला घेतला की दुसऱ्या पानावरच डोकं फिरतं. कसा वाचायचा?

पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग कुणीच वाचत नाही, अनुभवी माणसंही नाहीत. आधी अ‍ॅबस्ट्रॅक्ट (सुरुवातीचा छोटा सारांश) वाचा, मग थेट शेवटचा निष्कर्ष, मग टेबलं आणि आकृत्या. इतकं झाल्यावर स्वतःला विचारा की हा पेपर माझ्या प्रश्नाला लागतो का, आणि नसेल लागत तर खुशाल बाजूला ठेवा, अपराधी वाटून घेऊ नका. लागत असेल तर मेथड नीट वाचा कारण पेपर किती भरवशाचा आहे ते तिथेच कळतं: किती लोकांना विचारलं, त्यांना निवडलं कसं, तुलना कशाशी केली. मग लेखकांनी स्वतःच सांगितलेल्या मर्यादा वाचा. तुमच्या अभ्यासाचा प्रश्न पुष्कळदा तिथेच सापडतो.

मूळ पेपर वाचायलाच हवा का? दुसऱ्याने त्याचा सारांश दिलाय की.

हवाच. आणि का हवा ते एका खऱ्या उदाहरणावरून सांगायलाच पाहिजे.

१९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र छापून आलं, पेपर नव्हे, जेमतेम पाच वाक्यांचं पत्र. त्यात म्हटलं होतं की हॉस्पिटलमध्ये दाखल असताना अफूजन्य वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी बघितल्या तर व्यसन लागल्याच्या फक्त चार नोंदी सापडल्या. म्हणजे हॉस्पिटलमधल्या, देखरेखीखाली औषध घेतलेल्या लोकांबद्दलच हे होतं, घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात काहीच नव्हतं. पुढे लोकांनी त्याचाच आधार देऊन "या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं" असं लिहायला सुरुवात केली. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये या पत्राच्या सायटेशनची मोजणी छापली गेली: ६०८ ठिकाणी त्याचा संदर्भ होता, त्यातल्या ७२ टक्के ठिकाणी व्यसन क्वचित लागतं याचा पुरावा म्हणून, आणि जवळपास ८१ टक्के ठिकाणी ते रुग्ण हॉस्पिटलमध्ये दाखल होते हा उल्लेखच नव्हता. तोपर्यंत अमेरिकेत अशा औषधांच्या व्यसनाने प्रचंड माणसं गेली होती. एका पत्राने हे सगळं घडवलं असं नाही, पण मूळ मजकूर उघडून बघायला दोन मिनिटंही लागली नसती आणि शेकडो लिहिणाऱ्यांनी तेवढंही केलेलं दिसत नाही, हे मनाला लागतं.

मूळ पेपर खरंच मिळत नसेल तर प्रामाणिकपणे लिहा की अमक्याने दिलेल्या माहितीनुसार तमक्याचं म्हणणं असं आहे, आणि रेफरन्स लिस्टमध्ये तुम्ही प्रत्यक्ष वाचलेलाच पेपर टाका.

नोट्स काढायची काही पद्धत?

एकच गोष्ट कटाक्षाने पाळा. तीन प्रकारचा मजकूर नोट्समध्ये वेगळा दिसला पाहिजे: लेखकाचे शब्द जसेच्या तसे (अवतरण चिन्हात, पान नंबरासकट), लेखकाचं म्हणणं तुमच्या शब्दांत, आणि तुमचं स्वतःचं मत. रंग वापरा, खुणा वापरा, काहीही करा. दोन महिन्यांनी ते तीन सरमिसळ झालेले असले की कुठलं वाक्य कुणाचं हे आठवत नाही, आणि न कळत झालेली बरीचशी चोरी अशीच होते.

लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे पेपरांचे सारांश लिहायचे ना?

नाही. "अ यांनी अभ्यास केला व त्यांना असे आढळले, ब यांनी अभ्यास केला व त्यांना तसे आढळले" अशी यादी दहा पानं झाली तरी तो रिव्ह्यू होत नाही. लेखकांऐवजी मुद्द्यांप्रमाणे मांडणी करा. समजा वरच्याच विषयावर तुम्ही आठ पेपर वाचलेत आणि त्यातल्या पाच जणांना मोबाइल आणि कमी झोप यात संबंध दिसला, तिघांना नाही. आता बघा की ते पाच आणि ते तीन यांच्यात फरक काय आहे. कदाचित पाचही जणांनी विद्यार्थ्यांना "तुम्ही किती झोपता" असं नुसतं विचारलं असेल आणि तिघांनी मनगटावरच्या यंत्राने झोप मोजली असेल. हे लिहिलंत की रिव्ह्यू झाला, कारण आता पुढचा अभ्यास कुठे हवा ते वाचणाऱ्याला आपोआप दिसतं. एका मोठ्या तक्त्यात प्रत्येक पेपरची एक ओळ करा (कुणावर केला, कसं मोजलं, काय मिळालं, काय राहिलं), असे फरक त्यात लगेच दिसतात.

सायटेशन स्टाइल कुठली वापरू?

डिपार्टमेंट सांगेल ती, यात आपल्या आवडीचा प्रश्न नाही. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि बऱ्याच समाजशास्त्रांत एपीए चालते (सध्याची ७वी आवृत्ती २०१९ मध्ये आली), भाषा-साहित्यवाले एमएलए, इतिहासवाले बहुतेक शिकागोच्या तळटिपा, इंजिनिअरिंगवाले चौकटी कंसात आकडे देणारी आयईईई, मेडिकलवाले व्हँकूव्हर. एपीएत मजकुरात आडनाव आणि वर्ष येतं, एमएलएत आडनाव आणि पान नंबर. एक निवडली की शेवटपर्यंत तीच.

हाताने टाइप करत बसू नका, झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, पेपरचा डीओआय (१० आणि मग टिंब अशा सुरुवातीचा तो कायमचा नंबर) टाकला की बाकी माहिती आपोआप येते. पण आलेली माहिती एकदा डोळ्यांखालून घाला, नावांची स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरं पुष्कळदा गडबडलेली असतात.

किती टक्के प्लॅजिअरिझम चालतं?

प्रश्नच चुकलाय. टर्निटिनसारखं सॉफ्टवेअर जे टक्के दाखवतं ते मजकूर कुठे कुठे जुळतो त्याचे टक्के असतात, चोरीचे नाहीत. नीट अवतरणात दिलेलं वाक्य आणि रेफरन्स लिस्टही त्यात मोजली जाऊ शकते, आणि उलट शब्द फिरवून चोरलेली कल्पना त्यात शून्य टक्के दिसू शकते. संस्थेची मर्यादा असेल ती पाळाच, पण आकडा कमी आला म्हणजे सुटलो असं समजू नका.

पॅराफ्रेझ, म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडणं, कसं असतं ते बघा. समजा मूळ वाक्य असं आहे: "रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना झोप लागण्यास अधिक वेळ लागल्याचे आढळले, मात्र सुट्टीच्या दिवशी हा फरक दिसला नाही." आता कुणी लिहिलं की "रात्री उशिरा मोबाइल बघणाऱ्या मुलांना झोप यायला जास्त वेळ लागतो असे दिसले, परंतु सुट्टीच्या दिवशी असा फरक आढळला नाही", तर हे पॅराफ्रेझ नाही. सांगाडा तोच, फक्त शब्दांचे कपडे बदललेत, खाली नाव दिलं तरी ते चुकीचंच. त्याऐवजी पान बंद करा, आपल्याला हे वाक्य कशासाठी हवंय ते आठवा आणि मग लिहा: "मोबाइल आणि उशिरा लागणारी झोप यांचा संबंध कॉलेजच्या दिवसांपुरताच दिसतो (आडनाव, वर्ष), त्यामुळे एकटा मोबाइल जबाबदार आहे की दुसऱ्या दिवशीच्या लेक्चरचा ताणही, हे वेगळं तपासायला हवं." इथे त्यांचं काय आणि तुमचं काय ते स्वच्छ कळतं.

स्वतःचीच जुनी असाइनमेंट न सांगता पुन्हा देणं हेही बहुतेक विद्यापीठांत चालत नाही.

चॅटजीपीटी वापरलं तर?

आधी तुमच्या कोर्सचा नियम वाचा, काही ठिकाणी पूर्ण बंदी आहे, काही ठिकाणी कुठे वापरलं ते लिहून द्यायचं असतं. नियम काहीही असो, एआयने दिलेला रेफरन्स स्वतः उघडून बघितल्याशिवाय वापरू नका, कारण ही साधनं अस्तित्वातच नसलेले पेपर खऱ्यासारख्या नावासकट, वर्षासकट देतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले खटले कोर्टात आधार म्हणून दिले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. इंग्रजी वाक्य सुधारून घेणं वेगळं, पण युक्तिवाद त्याच्याकडून लिहून घेतलात तर व्हायवात "हे कशावरून?" विचारल्यावर उत्तर तुमच्याकडे नसणार. आणि एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही, मजकुराची जबाबदारी ते घेऊ शकत नाही म्हणून.

गूगल फॉर्म ग्रुपवर टाकला, शंभर उत्तरं आली. झाला सर्व्हे?

झाला, पण तो कुणाबद्दल बोलतो ते जपून लिहा. ती शंभर माणसं तुमच्या ग्रुपमधली, फॉर्म भरायला वेळ आणि इच्छा असलेली आहेत, त्यावरून "विद्यार्थ्यांना असं वाटतं" म्हणता येत नाही, "उत्तर दिलेल्या शंभर जणांना असं वाटतं" म्हणता येतं. याला सोयीचं सॅम्पल म्हणतात, ते वापरण्यात गैर काही नाही, लपवण्यात आहे. सॅम्पलचा आकडा मोठा असला की सगळं माफ होतं असंही नाही, निवड एकतर्फी असेल तर दहा हजार उत्तरंही एकतर्फीच.

प्रश्न टाकण्याआधी पाच-सहा जणांकडून भरून घ्या आणि त्यांना शेजारी बसवून विचारा की या प्रश्नाचा तुला काय अर्थ लागला. "मोबाइलच्या अतिवापरामुळे तुमची झोप बिघडते का?" यात उत्तर आधीच भरलंय. "काल रात्री किती वाजता झोपलात?" हा प्रश्न बरा. आणि भाग घेणाऱ्यांना अभ्यास कशाबद्दल आहे, नाव गुप्त राहील का, मधेच सोडता येईल का हे सुरुवातीलाच सांगा. संस्थेची एथिक्स कमिटी असेल तर तिची परवानगी डेटा गोळा करायच्या आधी लागते, नंतर मिळत नाही.

निकाल काहीच आला नाही, आता?

तसंच लिहा. संबंध दिसला नाही हाही निकाल आहे. मनासारखा आकडा येईपर्यंत वेगवेगळ्या टेस्ट लावत बसणं हे मात्र फसवणुकीत जातं, कारण वीस टेस्ट लावल्या तर एखादीची पी-व्हॅल्यू (खरा संबंध नसतानाही असा निकाल दिसायची शक्यता) निव्वळ योगायोगानेच ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या खाली येण्याची चांगली शक्यता असते. आणि दोन गोष्टी सोबत वाढताना दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असंही लिहू नका, झोप येत नाही म्हणून लोक मोबाइल बघत असतील असंही असू शकतं.

लिहायला सुरुवात कुठून करू?

मेथडपासून. काय केलं ते तुम्हाला माहीतच असतं, त्यामुळे कोऱ्या पानाची भीती जाते. मग निकाल, मग चर्चा, मग प्रस्तावना, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी. वाचणाऱ्याला क्रम वेगळाच दिसतो, तो दिसू द्या. प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा ठेवा, आणि लिहून झाल्यावर फक्त प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचत जा, तेवढ्यावरून युक्तिवाद कळत असेल तर मांडणी जमलीये.

"मी" लिहिलं तर चालतं का?

एपीएसकट बऱ्याच स्टाइल्सना चालतं, "मी ४० विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या" हे "मुलाखती घेण्यात आल्या" पेक्षा स्पष्ट आहे कारण कुणी घेतल्या ते कळतं. गाइडचा आग्रह वेगळा असेल तर त्यांचं ऐका. "सिद्ध झाले" हा शब्द मात्र गणिताबाहेर जपून वापरा, "दिसून आलं", "असं सूचित होतं" हे बहुतेक वेळा जास्त खरं असतं.

"तुमचा पेपर चार दिवसांत छापू" असा मेल आलाय, पाठवू?

नको. पैसे घेऊन, पिअर रिव्ह्यू न करता छापणारी जर्नल्स खूप आहेत. चार दिवसांत खरा पिअर रिव्ह्यू होत नाही. जर्नलचे जुने अंक उघडून वाचा, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का बघा, ओपन अ‍ॅक्सेस (सगळ्यांना फुकट वाचता येणारं) असेल तर डीओएजे या अशा जर्नल्सच्या यादीत आहे का तपासा, आणि गाइडला विचारा.

गाइड भेटतच नाहीत.

"सर, वेळ मिळेल का?" असा मेल केला तर तो मागे पडतो. त्याऐवजी दोन पानं लिहून पाठवा आणि खाली नेमके दोन प्रश्न लिहा, ज्यांचं उत्तर एका ओळीत देता येईल. भेट झाल्यावर काय ठरलं ते त्याच दिवशी मेलवर टाका.

सबमिशनच्या आदल्या दिवशी काय बघायचं?

नवीन काही लिहू नका. मजकुरातलं प्रत्येक नाव रेफरन्स लिस्टमध्ये आहे का आणि लिस्टमधलं प्रत्येक नाव मजकुरात आलंय का, हे दोन्ही बाजूंनी टिक करा, याला साधारण तासभर लागतो. टेबलांचे नंबर आणि मजकुरातले उल्लेख जुळतात का, अ‍ॅबस्ट्रॅक्टमधला आकडा आणि निकालातला आकडा एकच आहे का ते बघा (मधे डेटा साफ करताना ९८ चे ९६ झालेले असतात आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये ९८ तसाच राहतो). झोटेरोचे दुवे काढून साधा मजकूर करायचा असेल तर आधी दुवे असलेली एक कॉपी वेगळी सेव्ह करा, कारण परीक्षकांनी बदल सांगितले की तीच लागते. मग पीडीएफ करा आणि ती पीडीएफ दुसऱ्या एखाद्या मशीनवर उघडून बघा, देवनागरी फॉन्ट तिथे फुटलेला असेल तर फॉन्ट एम्बेड करून (फाइलमध्येच बसवून) पुन्हा बनवा.